मालगाडीतली नऊ पोरं



जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकाचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते १८७३ साली निघालं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं, ठाऊक आहे? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांची गुलामी मोडून काढली, त्या लोकांना. पुण्यात राहून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसांची आठवण ठेवली. जन्मावरून माणसाला हलकं ठरवायची रीत इकडे आणि तिकडे एकाच जातीची आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

अमेरिकेतली गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली. पण कायद्यानं संपलेली गोष्ट माणसांच्या मनातून लगेच जात नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. गुलामी संपून ६६ वर्षं झाल्यावर तिथं काय घडलं, ते आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट पोलिसांची आणि कोर्टाची आहे, पण तिच्यात बायाही पुष्कळ आहेत. पोरांसाठी वणवण फिरलेल्या आया आहेत, गिरणीत राबणाऱ्या दोन गरीब बाया आहेत. बलात्काराच्या आरोपाचा विषय तिच्यात येतो. तो विषय नाजूक आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका, अर्ध्यावर उठू नका.

गाडी थांबवली ती पेंट रॉकला

साल १९३१. अमेरिकेत मोठी मंदी आली होती. गिरण्या बंद, शेतमालाला भाव नाही, हाताला काम नाही. कामाच्या शोधात हजारो माणसं मालगाड्यांवर चढून या गावाहून त्या गावाला जायची. तिकिटाला पैसे कुठले? गोरेही जायचे, काळेही जायचे.

२५ मार्चला अशीच एक मालगाडी टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघाली. ती मध्येच अलाबामा राज्यातून जायची. गाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. गोऱ्या पोरांना गाडीतून खाली उतरवलं गेलं. त्यांनी जवळचं स्टेशन गाठून तक्रार केली. पुढं पेंट रॉक नावाच्या गावात बंदुका घेतलेल्या माणसांनी गाडी अडवली आणि डब्याडब्यांत जी काळी पोरं सापडली ती खाली ओढली. ती नऊ होती.

त्यांतली चौघं एकमेकांच्या ओळखीची होती. बाकीची वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या गावांची, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. सगळ्यांत लहान होती ती तेराएक वर्षांची. मोठ्यातला मोठा जेमतेम विशीचा. एकाला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. दुसरा गुप्तरोगानं इतका बेजार होता, की त्याला धड चालवत नव्हतं.

त्याच गाडीतून दोन गोऱ्या मुलीही उतरल्या. व्हिक्टोरिया प्राइस, वय २१, आणि रूबी बेट्स, वय १७. दोघी हंट्सव्हिल गावच्या कापडगिरणीत कामाला होत्या. गिरणी आठवड्यातून थोडेच दिवस चालायची, मजुरी अगदी तुटपुंजी. काम शोधायला म्हणूनच त्या गाडीत चढल्या होत्या. विनातिकीट, पुरुषांच्या सोबतीनं फिरणाऱ्या बाया म्हणून त्यांनाच आत टाकतील, अशी पाळी आली होती. अशा वेळी त्यांच्या तोंडून निघालं, की या काळ्या पोरांनी आमच्यावर बलात्कार केला.

त्या काळात अलाबामात एवढं एक वाक्य पुरेसं असायचं. नऊ पोरांना स्कॉट्सबरो या गावच्या तुरुंगात नेलं. रात्र पडायच्या आत तुरुंगाबाहेर जमाव गोळा झाला. पोरांना बाहेर द्या, आम्हीच निकाल लावतो, अशी मागणी. अशा रीतीनं जमावानं काळ्या माणसाला झाडाला लटकवायचं, हे तिकडे नवं नव्हतं. गव्हर्नरनं सैनिक पाठवले म्हणून ती रात्र निभावली.

चार दिवसांत आठ फाशीच्या शिक्षा

६ एप्रिलला खटला सुरू झाला. म्हणजे अटकेनंतर पुरे दोन आठवडेही झाले नव्हते. कोर्टाबाहेर हजारोंची गर्दी. पोरांच्या वतीनं दोन वकील उभे राहिले. एक होता जमीनजुमल्याची कामं पाहणारा, दुसऱ्या राज्यातून आलेला, अलाबामाच्या कायद्याची माहिती नसलेला. दुसरा जवळजवळ सत्तरीचा, विसराळू. खटल्याच्या आधी आपल्या अशिलांशी धड बोलायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. तुमच्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे आणि वकील त्याच्याशी पंधरावीस मिनिटंसुद्धा बोललेला नाही, असं समजा.

तिकडे ज्युरीची पद्धत आहे. गावातली बारा माणसं बसतात, साक्षीपुरावा ऐकतात आणि दोषी की निर्दोष ते सांगतात. कागदावर पद्धत चांगली आहे, आपल्यासारख्यांनीच आपला न्याय करावा अशी. पण अलाबामात ज्युरीत कधी काळा माणूस बसवायचेच नाहीत. बाईही बसवायचे नाहीत. तेव्हा बारा गोरे पुरुष बसले. पहिला निकाल लागला तेव्हा बाहेरच्या गर्दीनं जल्लोष केला. तो आवाज पुढच्या खटल्याच्या ज्युरीच्या कानावर गेला. पुढचा निकाल काय लागणार, हे मग वेगळं सांगायला नको.

९ एप्रिलपर्यंत आठ जणांना विजेच्या खुर्चीवर बसवून मारायची शिक्षा झाली होती. नववा, रॉय राइट, सगळ्यांत लहानांपैकी एक. सरकारी वकिलानं त्याचं वय पाहून जन्मठेप मागितली. पण ज्युरीतल्या काहींचं म्हणणं, नाही, यालाही मारा. त्यांचं एकमत झालं नाही म्हणून त्याचा खटला तसाच लटकला.

आता पुराव्याचं ऐका. घटनेनंतर दोन तासांच्या आत डॉक्टरांनी दोघी मुलींना तपासलं होतं. व्हिक्टोरियानं जे वर्णन केलं होतं, की अनेकांनी जबरदस्ती केली, मारहाण केली, खडीवर आपटलं, त्याच्याशी जुळणाऱ्या खुणा डॉक्टरांना दिसल्या नव्हत्या. हे कागदावर होतं. पण ते वाचून विचार करायची कुणाची तयारी नव्हती. निकाल गाडी अडवली तेव्हाच लागला होता. कोर्टात फक्त त्याच्यावर शिक्का बसला.

आया घराबाहेर पडल्या

पोरांच्या आया कोण होत्या? कुणी लोकांच्या घरी स्वयंपाक-धुणी करायची, कुणी शेतात राबायची. कोर्टाची पायरी न चढलेल्या. आपलं पोर १० जुलैला मारणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

कामगारांच्या बाजूनं लढणारी एक कायदेविषयक संघटना खटला चालवायला पुढं आली. तिच्या मदतीनं आया बाहेर पडल्या. रॉय आणि अँडी या दोन भावांची आई एडा राइट १९३२ साली थेट युरोपात गेली. एका गावाच्या बाहेर फारशी न गेलेली बाई देशोदेशी फिरली आणि हजारो लोकांसमोर उभी राहून सांगत राहिली, की माझ्या पोरांनी काही केलेलं नाही. जेनी पॅटरसन, व्हायोला माँटगोमेरी, मेमी विल्यम्स, आयडा नॉरिस या बाकीच्या आयांनी अमेरिकेतली शहरं पालथी घातली. लोकांनी पत्रं लिहिली, मोर्चे काढले, वर्गणी गोळा केली. जुलैची तारीख टळली ती वकिलांच्या अपिलामुळे. पण अपील चालवायला पैसा लागतो आणि ओरड चालू ठेवावी लागते. ती ओरड या बायांनी चालू ठेवली.

७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्याच्या जिवावर बेतलं आहे त्याला खराखुरा, तयारीचा वकील मिळालाच पाहिजे. नावापुरता वकील उभा करणं म्हणजे न्याय नव्हे, असं त्या निकालात सांगितलं. खटले पुन्हा चालवायचे ठरले. पुढच्या काळात अमेरिकेतल्या किती आरोपींना वकील मिळाला तो याच निकालाचा आधार घेऊन. त्याच्या मागे या आयांची पायपीट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

रूबी बेट्स उभी राहिली

१९३३ साली डिकेटर गावात हेवूड पॅटरसन या पोराचा खटला पुन्हा सुरू झाला. या वेळी न्यूयॉर्कचा नावाजलेला वकील सॅम्युएल लीबोविट्झ होता. त्यानं फी घेतली नाही. त्यानं एकेक साक्ष तपासली, गाडीचं मॉडेल करून कोण कुठल्या डब्यात होतं ते दाखवलं.

आणि मग अचानक रूबी बेट्स साक्षीला आली. पोरांच्या बाजूनं. ती म्हणाली, आमच्यावर कुणी हात टाकला नाही. आम्हाला तुरुंगात बसवतील म्हणून व्हिक्टोरियानं सांगितलं तसं मी बोलले.

मैत्रिणींनो, हे करायला काय लागलं असेल? सतरा वर्षांची असताना तिनं भीतीपोटी खोटं सांगितलं. त्यावर आठ जणांना मरणाची शिक्षा झाली. दोन वर्षांनी ती सगळ्या गावासमोर, गोऱ्यांनी भरलेल्या कोर्टात येऊन म्हणाली की ते खोटं होतं. तिला शिव्या बसल्या, पैसे खाल्ले म्हणून हिणवलं, तिच्या संरक्षणासाठी पहारा ठेवावा लागला. पुढं ती आयांच्या बरोबर मोर्चात चालली. १९३४ साली आया राष्ट्राध्यक्षांना भेटायला वॉशिंग्टनला गेल्या तेव्हाही ती त्यांच्या सोबत होती. राष्ट्राध्यक्ष काही भेटले नाहीत. पण जिच्या बोलण्यानं पोरं मरणाच्या दारात गेली ती आणि त्या पोरांच्या आया एकत्र चालल्या, हे चित्र इतिहासात राहिलं.

तरीही ज्युरीनं पॅटरसनला पुन्हा दोषी ठरवलं. पुन्हा मरणाची शिक्षा. सरकारी बाजूच्या एका वकिलानं तर भाषणात सांगितलं होतं, की न्यूयॉर्कच्या ज्यू पैशानं अलाबामाचा न्याय विकत घेता येत नाही, हे दाखवून द्या. लीबोविट्झ ज्यू होता. म्हणजे पोरांचा रंग, वकिलाचा धर्म, सगळं बोललं गेलं. पुरावा तेवढा राहिला.

खटल्याचे न्यायाधीश जेम्स हॉर्टन त्याच भागातले, गोरेच. त्यांनी कागद पुन्हा काढले, डॉक्टरचं म्हणणं वाचलं, व्हिक्टोरियाच्या जबानीतली विसंगती पाहिली. २२ जून १९३३ रोजी त्यांनी ज्युरीचा निकाल रद्द केला. या पुराव्यावर माणसाला मारता येणार नाही, असं लिहिलं. तिकडे न्यायाधीश मतांवर निवडून येतात. पुढच्याच निवडणुकीत हॉर्टन पडले. पुन्हा कधी न्यायाधीश झाले नाहीत.

अर्धे दोषी, अर्धे निर्दोष

खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला आणि पुन्हा तेच. पुन्हा मरणाची शिक्षा. पुन्हा सर्वोच्च न्यायालय. या वेळी मुद्दा ज्युरीचा होता. अलाबामाचे अधिकारी म्हणाले, आमच्या ज्युरीच्या यादीत काळ्यांची नावं आहेत की. लीबोविट्झनं ते रजिस्टरच न्यायालयात नेलं. न्यायमूर्तींनी भिंग लावून पाहिलं. काळ्या माणसांची नावं मागाहून घुसडलेली होती. १ एप्रिल १९३५ रोजी निकाल आला, की काळ्या माणसांना ठरवून ज्युरीबाहेर ठेवणं घटनेला धरून नाही.

तरी सुटका झाली नाही. जुलै १९३७ मध्ये अलाबामा सरकारनं तडजोड केली. चौघांवरचे आरोप काढून घेतले आणि सोडून दिलं. बाकीच्यांना शिक्षा. एकाला मरणाची, ती पुढं जन्मठेप झाली. एकाला ९९ वर्षं, दोघांना ७५ वर्षं. एकाला पहारेकऱ्यावर हल्ला केला म्हणून २० वर्षं. गाडी तीच, दिवस तोच, सांगणारी बाई तीच. मग काही निर्दोष आणि काही दोषी कसे? याचं उत्तर कुणी दिलं नाही.

त्यांतला शेवटचा अँडी राइट १९५० साली बाहेर पडला. १९३१ ते १९५०. एकोणीस वर्षं. हेवूड पॅटरसन तुरुंगात लिहा-वाचायला शिकला, १९४८ साली पळून गेला, आणि चारच वर्षांनी दुसऱ्या एका गुन्ह्याची शिक्षा भोगताना वारला. क्लॅरन्स नॉरिसला १९७६ साली अलाबामानं माफी दिली. पॅटरसन, अँडी राइट आणि चार्ली वीम्स यांना माफी मिळाली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी. घटनेनंतर ८२ वर्षांनी. तिघंही केव्हाच मातीत गेले होते.

बाईच्या अब्रूचं नाव

इथं एक शंका तुमच्या मनात आली असेल. बायांनी खोटं सांगितलं अशी गोष्ट बायांच्याच कार्यक्रमात कशाला? आधीच बाई तक्रार करायला गेली की तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. उद्या कुणी म्हणेल, बघा, बाया खोटं बोलतात.

म्हणून आम्ही त्याच अलाबामातली दुसरी हकिकत सांगतो. ३ सप्टेंबर १९४४. ॲबव्हिल गाव. रीसी टेलर नावाची २४ वर्षांची काळी बाई, एका लेकराची आई, रात्री चर्चमधून घरी चालली होती. गोऱ्या पुरुषांनी तिला बंदुकीच्या धाकानं गाडीत घातलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिनं गप्प बसायचं नाकारलं. घरी येऊन सांगितलं, तक्रार केली. त्यांतल्या एकानं कबुलीही दिली. चौकशीला माँटगोमेरीहून रोझा पार्क्स आल्या. पुढं बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून जगभर नाव झालेल्या त्याच रोझा पार्क्स. दोनदा गोऱ्या ज्युरीपुढं प्रकरण गेलं. दोन्ही वेळा ज्युरीनं ठरवलं, की खटलाच चालवायला नको. एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. अलाबामाच्या विधिमंडळानं तिची माफी मागितली २०११ साली. तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली म्हातारी होती.

आता दोन्ही हकिकती शेजारी ठेवून बघा. गोऱ्या मुलीच्या नुसत्या शब्दावर आठ काळ्या पोरांना मरण. काळ्या बाईच्या बाबतीत आरोपी कबूल असूनही खटलासुद्धा नाही. म्हणजे अलाबामाला बाईच्या अब्रूची चाड होती असं नव्हे. गिरणीतल्या त्या दोन मुलींना गावात एरवी कोण मान देत होतं? काळ्या माणसाला धाकात ठेवायला त्यांचं नाव उपयोगी पडलं, एवढंच. १९३० ते १९६७ या काळात अमेरिकेत बलात्काराच्या गुन्ह्यासाठी ४५५ माणसांना मृत्युदंड दिला गेला. त्यांतले ४०५ काळे होते.

हे आजही पुरतं संपलेलं नाही. चुकून शिक्षा झालेल्या आणि पुढं निर्दोष ठरलेल्या माणसांची अमेरिकेत नोंद ठेवली जाते. २०२२ सालच्या अहवालात आहे, की लोकसंख्येत काळे लोक सुमारे १३ टक्के, पण अशा निर्दोष सुटलेल्यांत ते निम्म्याहून जास्त आहेत. पुष्कळ ठिकाणी कारण एकच. पीडित बाई खरं सांगत असते, अत्याचार खराच झालेला असतो. पण अनोळखी काळा माणूस ओळखताना गोऱ्या साक्षीदाराची चूक होते, आणि पोलीस एकदा एकाला धरला की दुसरीकडे शोधत नाहीत. निरपराध आत जातो. खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो, दुसऱ्या बाईच्या वाटेवर. यात बाईचं काय भलं झालं?

आपल्याकडचा शिक्का

आपल्याकडे गोरे-काळे नाहीत. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवायचं इंग्रजांनी कायद्यातच आणलं. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होईल असा केला. ज्या जमातींचं नाव यादीत, तिथं पोर जन्मलं की ते गुन्हेगारच. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. काहींना तारेच्या कुंपणात डांबलं. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुणाच्या पालावर जाते, हे तुम्हीच सांगा.

२००३ साली एका शेतवस्तीवर फार क्रूर दरोडा पडला. माणसं मारली, आई आणि मुलीवर अत्याचार केले. या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना धरलं. खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांना दोषी ठरवलं आणि २००९ साली सहाही जणांना फाशी ठरली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मग तो निकाल परत विचारात घेतला गेला. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखून दाखवली होती, त्यांच्याकडे तपास वळलाच नव्हता. ही माणसं गरीब आणि भटक्या जमातीची आहेत, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयानं लिहिलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. आणि त्या वाचलेल्या बाईला तरी काय मिळालं? तिनं ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यांच्यावर खटलाच चालला नाही.

बदल होतोय, सावकाश. एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवरून कामं वाटायची पद्धत घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे तुरुंगांचे नियमही मोडीत काढले.

आपल्या हातात काय

अलाबामाची पोरं कुणाच्या दयेवर सुटली नाहीत. वकील मिळाला, साक्षी पुन्हा तपासल्या, रूबी खरं बोलली, आणि आया वर्षानुवर्षं गप्प बसल्या नाहीत, तेव्हा कुठं ती जिवंत राहिली. हे सगळं आपल्या गावालाही लागू आहे.

पहिलं, अटक झालेल्या कुणालाही वकिलाला भेटायचा हक्क आहे, आणि चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढं न्यावंच लागतं. अटकेची खबर घरच्यांना द्यावी लागते. कुणाचा नवरा, मुलगा उचलून नेला तर तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा.

दुसरं, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. १५१०० हा नंबर आहे. तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरं, पंच म्हणून किंवा साक्षीदार म्हणून बोलावलं तर जे पाहिलं तेवढंच सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, दोनदा वाचून घ्या.

चौथं, आपल्या गटातल्या किंवा गावातल्या बाईवर अत्याचार झाला तर तिच्या मागे उभ्या राहा. लगेच तक्रार, लगेच वैद्यकीय तपासणी, कपडे न धुता जपून ठेवणं, हे सगळं करा. तपास नीट झाला पाहिजे असं ठाण्यात जाऊन सांगा. नीट तपास मागितला म्हणजे बाईवर अविश्वास दाखवला असं होत नाही. दरोड्यातून वाचलेल्या त्या बाईला नीट तपासच तर हवा होता.

आणि शेवटचं. गावात काही घडलं आणि ओट्यावर बोलणं निघालं, की हे त्यांचंच काम, ती जातच तसली, तर तिथंच विचारा, कुणी पाहिलं? कशावरून? पेंट रॉकच्या स्टेशनावर हे विचारणारं एकही माणूस नव्हतं. आपल्या ओट्यावर निदान एक बाई असू द्या.

पुढच्या वेळी विमुक्त दिनाविषयी बोलू. तुमच्या गावात या समाजाच्या कुणी बाया असतील, तर त्यांना गटात बोलवा, त्यांचं ऐका आणि आम्हाला पत्रानं कळवा.